नवा गडी, नवं राज्य: डंजन्स अँड ड्रॅगन्सला भिडू कसे मिळाले



सावंतवाडीची गंजिफा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. गोल पानं, त्यांवरची चकाकी, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि एकूण १२० पानं. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला जपली, म्हणून ती आजही विकत मिळते. लोक हौसेने घेतात आणि दिवाणखान्यात मांडून ठेवतात. पण घेणाऱ्यांपैकी किती जणांना गंजिफेचा डाव खेळता येतो? फार थोड्यांना. पानं उरली, पण शेजारी बसवून शिकवणारी माणसं कमी होत गेली आणि त्यांच्याबरोबर खेळही आटला.

आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे, तो या बाबतीत गंजिफेपेक्षाही नाजूक आहे. तो म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम. त्यातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत गाजलेला म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने डी अँड डी. १९७४ साली तो अमेरिकेत छापला गेला. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. या पन्नास वर्षांत तो दोनदा फोफावला आणि मधे एकदा बुडता बुडता वाचला. मला तुम्हाला त्याचा सगळा इतिहास सांगायचा नाही. एकाच प्रश्नाचा माग काढायचा आहे: या खेळाला नवे भिडू मिळाले कसे?

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. त्या पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी एका कागदावर आकड्यांत लिहिलेली असते. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो उरलेलं सगळं जग चालवतो. तो म्हणतो, "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दिंडी दरवाजापाशी उभे आहात. आतून धुराचा वास येतोय. काय करता?" एक जण म्हणतो, "मी तटावर चढून आत डोकावतो." "बरं, टाक फासा." वीस बाजूंचा फासा घरंगळतो. आकडा मोठा आला तर तो वर चढला, लहान आला तर हात सटकला आणि आतल्यांना चाहूल लागली. मग पुढे काय? पुन्हा तोच प्रश्न: काय करता? असं चार-पाच तास चालतं. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढच्या बैठकीसाठी थांबते.

जग चालवणाऱ्या त्या माणसाला इंग्रजीत डंजन मास्टर म्हणतात, डीएम. मराठीत त्यासाठी आपल्या अंगणातला शब्द फार चपखल आहे: राज्य. लपंडावात, डब्बा ऐसपैसमध्ये ज्याच्यावर राज्य येतं, त्याच्यामुळे खेळ चालतो, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं. डी अँड डीमध्येही तसंच आहे. खेळायला पाच जण हौसेने येतात, राज्य घ्यायला एकही पुढे येत नाही. कारण राज्य घेणाऱ्याला नियम माहीत हवेत, गोष्ट तयार हवी, आणि समोरच्या पाच जणांनी ती गोष्ट मोडली तरी पुढे नेता यायला हवी.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझं आजचं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. या खेळाच्या इतिहासात गडी मिळणं हे तुलनेने सोपं होतं. ज्या ज्या काळात कुणीतरी राज्य घेणं सोपं केलं, त्या त्या काळात खेळ पसरला. जेव्हा ते जड झालं, तेव्हा खेळ आक्रसला.

याची मुळं शोधायला जरा मागे, प्रशियात जाऊया. बुद्धिबळ भारतातून इराण आणि अरब देशांमार्गे युरोपात गेलं, हे आपल्याला ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला जर्मन भाषक प्रदेशात त्याच बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यात डोंगर-नद्या घालून युद्धाचे खेळ करण्याचे प्रयोग झाले. १८२४ मध्ये राइसविट्स नावाच्या एका प्रशियन तोफखाना अधिकाऱ्याने, वडिलांच्या खेळात सुधारणा करून, 'क्रीग्सश्पील' म्हणजे युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात दोन बाजू नकाशावर फौजा हलवत आणि मधे एक पंच असे. कुठल्या तुकडीला काय दिसतं, किती माणसं पडली, हे फासे टाकून आणि तक्ते पाहून पंच सांगत असे. पण तक्ते इतके किचकट झाले की पंच व्हायला कोणी धजेना. म्हणून १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवलं, की बहुतेक तक्ते आणि फासे बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला आपल्या अकलेने निकाल देऊ द्या. म्हणजे राज्य घेणाऱ्याची अडचण या खेळाच्या पणजोबांपासून चालत आलेली आहे.

आता थेट अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत येऊ. १९६० च्या दशकात तिथे युद्धखेळांचा नाद असलेली तरुण मंडळी होती. त्यांच्यातल्या डेव्हिड वेसलीला १८८० सालचं एक अमेरिकन युद्धखेळाचं पुस्तक ग्रंथालयात सापडलं. खेळाडूला वाटेल ते करून पाहू द्यावं आणि पंचाने निकाल द्यावा, ही कल्पना त्याने तिथून उचलली. १९६९ मध्ये त्याने 'ब्राउनश्टाइन' नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. त्यात प्रत्येकाला फौज देण्याऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. मंडळींनी इतका गोंधळ घातला की वेसलीला वाटलं, प्रयोग फसला. मंडळी मात्र म्हणाली, पुन्हा कधी?

पुढे वेसली सैन्यात रुजू झाला. आता राज्य कोण घेणार? त्याच्या गटातल्या इतरांनी ते घेतलं. त्यांच्यात डेव्ह आर्नसन होता. त्याने १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नावाचं स्वतःचं जग मांडलं. किल्ला, किल्ल्याखालची भुयारं, भुयारांत राक्षस. आज आपण ज्याला डी अँड डी म्हणतो, त्याचा सांगाडा इथे उभा राहिला. एकाने राज्य सोडलं आणि खेळाडूंपैकीच कुणीतरी उचललं, म्हणून हे घडलं.

१९७२ च्या अखेरीला आर्नसन विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहान गावी गॅरी गायगॅक्सला तो खेळ दाखवायला गेला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि तो घरी बूटदुरुस्तीची कामं करत असे. मध्ययुगीन लढायांच्या 'चेनमेल' या खेळाचे नियम त्याने जेफ पेरेनबरोबर लिहिले होते, आणि तेच आर्नसनच्या मंडळींच्या वापरात होते. ती एक संध्याकाळ खेळल्यावर गायगॅक्सने आर्नसनकडून टिपणं मागवली आणि स्वतः नियम लिहायला बसला. त्याच्या खेळाचे पहिले भिडू कोण? त्याची स्वतःची मुलं, अर्नी आणि एलिस. म्हणजे या खेळाचे पहिले दोन नवशिके शाळकरी वयाचे होते, आणि त्यांनी एकही नियम वाचलेला नव्हता. बाबा विचारत होते, काय करता?

जानेवारी १९७४ मध्ये खेळ छापला गेला. गायगॅक्स आणि त्याचा मित्र डॉन केय यांनी आदल्या वर्षी टीएसआर नावाची कंपनी काढली होती. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. साधारण वर्षभरात ती संपली. फासे खोक्यात नव्हते, वेगळे घ्यावे लागत. आणि नियम? ज्याला 'चेनमेल' येतं त्याच्यासाठीच जणू लिहिलेले. रानावनात भटकण्यासाठी दुसऱ्याच एका कंपनीच्या खेळाचा पट वापरा, असंही सांगितलेलं होतं. नुसतं वाचून हा खेळ शिकणं जवळजवळ अशक्य होतं.

मग तो पसरला कसा? माणसाकडून माणसाकडे. कुणीतरी कुठल्यातरी अधिवेशनात खेळायचा, आपल्या कॉलेजात जाऊन मांडायचा. पुस्तिकांच्या झेरॉक्स फिरायच्या. विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये तो वणव्यासारखा गेला. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' नावाचं चाहत्यांचं नियतकालिक सुरू केलं आणि त्यात लोक आपापले नियम, आपापल्या बैठकींच्या हकिगती लिहू लागले. आपल्याकडे घराण्यातल्या चिजा जशा गुरूच्या तोंडून शिष्याकडे जातात, तसं काहीसं. फायदा असा, की प्रत्येक गावात खेळाचा थाट वेगळा झाला. तोटा असा, की ज्या गावात गुरू नाही त्या गावात खेळ नाही.

हे कोडं पहिल्यांदा ज्याने सोडवलं, तो ना खेळाचा कर्ता होता ना कंपनीचा नोकर. जे. एरिक होम्स हे कॅलिफोर्नियातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकारांचे प्राध्यापक होते. त्यांनी टीएसआरला आपणहून विचारलं, की नवशिक्यांसाठी हे नियम सोपे करून देऊ का? १९७७ मध्ये त्यांनी संपादित केलेला 'बेसिक सेट' आला. पात्राच्या फक्त पहिल्या तीन पातळ्या, सरळ भाषा, आणि सोबत फासे. खप इतका वाढला की १९७९ मध्ये फाशांचाच तुटवडा पडला. मग कंपनीने खोक्यात आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले. ते पेल्यात टाकायचे आणि न बघता एक उचलायचा, आपल्या हौजीसारखं.

त्या खोक्यात आणखी एक पुस्तिका आली, माइक कारने लिहिलेली, 'इन सर्च ऑफ द अननोन'. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हुशार पुस्तिका. तिच्यात भुयाराचा तयार नकाशा होता आणि प्रत्येक खोलीचं वर्णन होतं, पण खोलीत राक्षस कोणता आणि खजिना काय, ती जागा रिकामी ठेवलेली होती. मागे यादी दिली होती. तिच्यातून निवडायचं आणि पेन्सिलने भरायचं. शाळेतल्या गाळलेल्या जागा भरा! एक तास ते काम केलं की मुलाच्या हातात स्वतःचं भुयार तयार. राज्य घ्यायची भीती कशी घालवावी, याचा हा वस्तुपाठ होता.

मधल्या काळात प्रसिद्धी मात्र भलत्याच वाटेने आली. ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगनमधल्या एका विद्यापीठातून १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. शोधासाठी नेमलेल्या खासगी गुप्तहेराने तर्क मांडला, की तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या नळांच्या बोगद्यांत डी अँड डी खेळायला गेला आणि हरवला. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. मुलगा पुढे सापडला. खेळाचा त्याच्या जाण्याशी संबंध नव्हता, त्याच्या मनावरचे ताण निराळे होते. पण तोवर सबंध देशाला या खेळाचं नाव कळलं होतं आणि खप उसळला. यावर कादंबरी आली, १९८२ मध्ये टीव्हीसाठी सिनेमा आला, त्यात तरुण टॉम हँक्स होता. १९८३ मध्ये, मुलाच्या मृत्यूला हाच खेळ जबाबदार आहे असं मानणाऱ्या एका आईने खेळाविरुद्ध संघटना काढली. काही धर्मप्रचारक याला सैतानाची पूजा म्हणू लागले.

अशा गदारोळाने कुतूहल वाढतं, हे खरं. पण घरोघरी आई-वडील पुस्तकं काढून घेऊ लागले, हेही खरं. एखाद्या मुलाने खेळ सोडला तर एक भिडू कमी होतो. राज्य घेणाऱ्या मुलाची पुस्तकं जप्त झाली तर अख्खं टेबल उठतं.

याच काळात, १९८३ मध्ये, फ्रँक मेंट्झरने संपादित केलेलं नवं खोकं आलं. लाल रंगाचं, वर लॅरी एलमोरने काढलेला ड्रॅगन. जुने खेळाडू आजही 'रेड बॉक्स' म्हटलं की हळवे होतात. आत दोन पुस्तिका होत्या, एक खेळाडूची आणि एक डीएमची. पहिली पुस्तिका उघडली की नियम नव्हतेच, गोष्ट होती, आणि ती तुमची होती. तुम्ही योद्धा आहात, गुहेत शिरता, तिथे अलीना नावाची एक साध्वी भेटते, तुमच्या जखमा बऱ्या करते, तुमच्याशी गप्पा मारते. मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारतो. गोष्ट वाचता वाचता तुम्ही फासे टाकता आणि नियम नकळत अंगवळणी पडतात. अलीनाच्या मरणाने हळहळलेली माणसं आज पन्नाशीत आहेत आणि बार्गलचं नाव घेतलं की अजून चिडतात. गुरू नसलेल्या मुलासाठी मेंट्झरने गुरूच खोक्यात भरून पाठवला. पहिली पुस्तिका संपली की दुसरी सांगत होती, आता मित्रांना बोलाव आणि तू राज्य घे.

इतर देशांनी आपापल्या वाटा काढल्या. ब्रिटनमध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी १९८२ मध्ये 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' लिहिलं. हे एकट्याने खेळायचं पुस्तक होतं. ४०० तुकडे, डावीकडे जायचं तर अमुक तुकडा वाचा, उजवीकडे तर तमुक. बसमध्ये बसून, फासे आणि पेन्सिल घेऊन खेळता यायचं. अनेक मुलांना टेबलावरच्या खेळाची गोडी आधी तिथे लागली. जपानने तर फारच वेगळं केलं. तिथे १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' या मासिकाने एका गटाच्या डी अँड डी बैठकांचा वृत्तांत संवादरूपात छापायला सुरुवात केली. कोण काय म्हणालं, फासा काय पडला, कोण हसलं, सगळं. याला ते 'रिप्ले' म्हणतात. त्यातून 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' ही कादंबऱ्यांची आणि ॲनिमेची मोठी मालिका जन्माला आली. पण आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं हे, की राज्य कसं घेतात ते लोकांना घरबसल्या वाचायला मिळालं. हा धागा सोडू नका, तो तीस वर्षांनी पुन्हा वर येणार आहे.

१९९० चं दशक हा या गोष्टीतला उतार. टीएसआरने एकाच खेळाच्या दोन शाखा वर्षानुवर्षं शेजारी शेजारी विकल्या, एक साधी आणि एक 'ॲडव्हान्स्ड'. वर जगांवर जगं काढली: फरगॉटन रेल्म्स, ड्रॅगनलान्स, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप. एकेक जग सुंदर होतं, मी त्यांतली काही पुस्तकं आजही आवडीने वाचते. पण दुकानात आलेल्या नव्या मुलाने कुठून सुरुवात करायची? ज्याला राज्य घ्यायचं आहे, त्याने आधी किती पानं वाचायची? जुन्या भिडूंना खूश ठेवता ठेवता दार नव्यासाठी जड होत गेलं.

नेमक्या त्याच वेळी, १९९३ मध्ये, 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ आला. दोघं जण, दोन जोड, वीस मिनिटं. राज्य कुणावरच नाही. मुलांचे खिसे आणि दुपारी तिकडे वळल्या. टीएसआरच्या बुडण्याला इतरही कारणं होती. कर्ज होतं, आणि न खपलेली पुस्तकं वितरकाकडून मोठ्या प्रमाणावर परत आली. १९९७ मध्ये 'मॅजिक'वाल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टनेच टीएसआर विकत घेतली. ज्या खेळाने भिडू पळवले, त्याच्याच पैशांवर डी अँड डी तगला. १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने घेतलं.

नव्या मालकांनी २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली आणि सोबत एक खुला परवाना दिला. नियमांचा गाभा कुणीही वापरावा, त्यावर आपली साहसं लिहून विकावीत. म्हणजे राज्य घेणाऱ्याला तयार सामग्री शेकडो हातांनी मिळू लागली. २०१० मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. खेळांच्या दुकानांमध्ये दर बुधवारी संध्याकाळी जाहीर बैठका सुरू केल्या. एका संध्याकाळी एकच प्रसंग, दीड-दोन तासांत उरकणारा. कोणीही या, बसा, खेळा. पाच तासांची बांधिलकी नको, ओळखपाळख नको. नोकरी करणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सवलत होती.

मग २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. मूळ नियम फुकट उतरवून घेता येत होते. सुरुवातीच्या खोक्यात पाच तयार पात्रं, फासे आणि 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' नावाचं साहस होतं. त्यात पहिल्या प्रसंगात नवशिक्या डीएमला पायरीपायरीने हात धरून नेलेलं आहे. आयात केलेल्या जाड पुस्तकांची किंमत बघून मागे फिरणाऱ्या भारतातल्या मंडळींसाठी ते फुकट नियम म्हणजे उघडलेलं दारच होतं.

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेतल्या काही व्हॉइस ॲक्टर्सनी आपला घरचा खेळ इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली: 'क्रिटिकल रोल'. तीन-चार तासांचे भाग, टेबलाभोवती बसलेली मित्रमंडळी, आणि राज्य मॅथ्यू मर्सरवर. मुळात तो खेळ एका मित्राच्या वाढदिवसासाठी एका संध्याकाळपुरता मांडलेला होता. २०१९ मध्ये त्यांनी ॲनिमेशनसाठी लोकांकडे पैसे मागितले, तेव्हा १.१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. जुलै २०१६ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' आली. १९८३ सालात घडणारी गोष्ट, आणि सुरुवातीलाच तळघरात डी अँड डी खेळणारी चार मुलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं होतं. इंदूर, बडोदा, बंगळुरू, हैदराबाद, जिथे जिथे ही मालिका पाहिली गेली, तिथे कुणी ना कुणी विचारलं, ही मुलं खेळतायत ते काय आहे?

पण दोन्हींचं काम वेगवेगळं होतं. 'स्ट्रेंजर थिंग्ज'ने भिडू आणले. 'क्रिटिकल रोल'ने जपानी 'रिप्ले'सारखं राज्य शिकवलं. घरात गुरू नसलेल्या माणसाला शेकडो तास एका चांगल्या डीएमच्या शेजारी बसता आलं. याचा एक त्रासही झाला. नव्या डीएमला वाटू लागलं, की आपल्याला मर्सरसारखे चाळीस आवाज काढता आले नाहीत तर भिडूंचा हिरमोड होईल. खेळणाऱ्यांनी याला 'मर्सर इफेक्ट' असं नावच दिलं. हे म्हणजे घरच्या आरतीला उभं राहताना आपला गळा भीमसेनांसारखा नाही म्हणून लाजण्यासारखं आहे. आरती तरीही होतेच, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

आता आपल्याकडे वळू. मी हैदराबादला राहते. आमचं टेबल तीन वर्षं दर दुसऱ्या रविवारी बसत होतं. दोन मराठी, एक तेलुगू, एक बंगाली, एक मल्याळी, आणि राज्य कायम एकाच मित्रावर. त्याची बदली झाली आणि टेबल बंद पडलं. भिडू सगळे गावातच होते. फासे होते, पुस्तकं होती, रविवार होते. राज्य घेणारं कुणी नव्हतं. सात-आठ महिन्यांनी आमच्यातल्या सर्वांत अबोल मुलीने एक फुकटचं साहस छापून आणलं आणि म्हणाली, मी करून बघते. आमचा खेळ तिच्यामुळे सुरू आहे. आपल्या शहरांतली बहुतेक टेबलं अशीच एकेका माणसाच्या खांद्यावर उभी आहेत, आणि आपल्याकडची माणसं नोकरीपायी सारखी गावं बदलतात.

म्हणून कुणी विचारलं, की नवे भिडू कसे आणू, तर या इतिहासातून मला चार गोष्टी दिसतात. पहिली, नव्याला नियम सांगू नका, प्रसंग सांगा आणि विचारा, काय करता? गायगॅक्सच्या मुलांना तेवढंच पुरलं होतं. दुसरी, एका संध्याकाळी संपणारी गोष्ट घ्या आणि पात्रं तयार ठेवा. आवडलं तर तो आपणच विचारेल, पुढे काय झालं? तिसरी, त्याला लिंबूटिंबू करून ठेवू नका. जुने भिडू दहाव्या पातळीवर आणि नवा पहिल्या पातळीवर, त्याच्या चुकांवर सगळे हसतायत, असं टेबल नव्याला दुसऱ्यांदा दिसत नाही. आणि चौथी, माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची: तिसऱ्या-चौथ्या बैठकीला राज्य फिरवा. एक लहानसं भुयार, चार खोल्या, त्यांतल्या दोन रिकाम्या. त्याला म्हणा, या दोन तू भर आणि तेवढा भाग तू चालव. माइक कारची युक्ती आजही तितकीच चालते.

भाषेचाही विचार करा. आपण बहुतेक जण हा खेळ इंग्रजीत खेळतो, कारण पुस्तकं इंग्रजीत आहेत. पण घरातल्या आजोबांना, गावाकडच्या भाचरांना टेबलावर बसवायचं तर "तुम्ही दिंडी दरवाजापाशी उभे आहात" हे मराठीतच म्हणावं लागेल. आणि आता त्याला कायद्याची आडकाठीही नाही. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने जुना खुला परवाना आवळायचा घाट घातला, खेळणाऱ्यांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच महिन्यात तो बेत सोडावा लागला. उलट पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. मूळ श्रेय देऊन कुणीही त्याचं भाषांतर करू शकतं, छापू शकतं, विकूही शकतं. सह्याद्रीत शेकडो किल्ले आहेत, लेणी आहेत, तळघरं आहेत, वेताळ आहेत. नेटकं, बारा-पंधरा पानांचं, पहिल्यांदा राज्य घेणाऱ्याला हात धरून नेणारं एखादं मराठी साहस कुणी लिहिलं, तर शंभर जाहिरातींपेक्षा ते जास्त भिडू आणेल.

तुमच्यापैकी कुणी ते लिहायला घेतलं, तर पहिली बैठक आमच्या टेबलावर करूया. मी भिडू म्हणून बसेन, राज्य तुमच्यावर.

पुढच्या भागात सारीपाट आणि सोंगट्या. तोवर, खेळत राहा. भेटू.